शिफ्ट सोडू नकोस!

रविवारी भाचा कोथरूडला आमच्याकडे जेवायला आला आणि हात धुतल्याधुतल्या सोफ्यावर पसरून 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' हा व्हिडिओ गेम खेळत बसला. मी सहज डोकावलो. बघतो तर राजपुत्रालाच कुणीतरी पळवलेलं आणि त्याला सोडवायला निघालाय सार्गोन नावाचा भलताच गडी. म्हटलं, "अरे, मग प्रिन्स खेळायचा कधी?"

"मामा, इतकी जुनी सीरिज आहे. बदलायलाच लागतं," तो मान वर न करता म्हणाला.

आमचा प्रिन्स सदाशिव पेठेतल्या एका कंप्युटर क्लासात राहायचा. चपला दाराबाहेर, आत एसीने पाय गारठलेले, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं कव्हर. सर चहाला खाली उतरले की कुणाच्या तरी दप्तरातून फ्लॉपी निघायची. राजकन्येला सोडवायला निघालेला पांढऱ्या कपड्यांतला तो पोरगा खऱ्या माणसासारखा धावायचा. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि त्यावरून हा प्रिन्स चितारला, हे फार नंतर वाचलं. जमिनीतून खाडकन सुळे वर यायचे. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलं तर त्यांच्यामधून अलगद पलीकडे जाता यायचं. कड्याला लोंबकळायचं तरी शिफ्टच. मागे उभी असलेली पोरं कानाशी कुजबुजत, "सोडू नकोस, सोडू नकोस!" बोट घामेजून निसटायचं आणि खेळ खलास.

२००३ च्या गेममध्ये प्रिन्सच्या हाती जादूच्या वाळूचा खंजीर आला. पडलात तर वेळच मागे फिरवायची. वाळू मोजकी मिळायची, म्हणून ते मी चालवून घेतलं. (त्याच गेमचा रीमेक आपल्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत चालला होता, २०२२ मध्ये तो माँट्रियलला गेला. असो.) २००८ च्या गेममध्ये मात्र कुठूनही कोसळा, सोबतची एलिका हात देऊन वर काढणारच. मग उडी मारताना पोटात गोळा यायचा कशाला?

"मंडळाने देखावा दरवर्षी बदलावा, पण मूर्ती तीच हवी," मी सुनावलं.

"मग यात मूर्ती कुठली?"

आली का पंचाईत! प्रिन्स म्हणावं, तर तोच यात ओलीस. राजकन्या म्हणावं, तर ती कुठल्या कुठे राहिली. मला वाटतं, पडणं. म्हणजे पडू शकणं. लॉस्ट क्राउनमध्ये खेळ पुन्हा पहिल्यासारखा बाजूने दिसतो, सुळेही चांगले टोकदार आहेत, तेव्हा बाकी काय बदलायचं ते बदला बापडे.

भाच्याने विचारलं, "तू ती राजकन्या सोडवलीस का पण?"

कसली सोडवतोय! तिच्यासाठी मुदत साठ मिनिटांची, आणि आमचा क्लासही तासाभराचाच. त्यात सरांचा चहा जेमतेम दहा मिनिटांचा.