टर्बो आहे, पिणारच? जुन्या लिनिया टी-जेटचं पेट्रोल आटोक्यात आणताना

"टर्बो पेट्रोल आहे, पिणारच." माझ्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की हे कुणीतरी ऐकवतंच. हल्ली त्याला जोड मिळाली आहे, "त्यात आता ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), मग काय बोलायचं!" दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण माझं पेट्रोल ज्या भोकांतून गळत होतं ती वेगळीच निघाली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं तर गाडीत नव्हतंच.

गाडी २०११ ची फियाट लिनिया टी-जेट. १.४ लिटरचं इंजिन, त्यात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो, ११४ पीएस, २२०० आरपीएमला २०७ एनएम टॉर्क. ही गाडी बनली रांजणगावच्या कारखान्यात, आणि माझी नोकरीही रांजणगाव एमआयडीसीतच, त्यामुळे पुण्यातल्या खराडीहून निघून ती रोज आपल्या माहेरी जाते. फियाटने इथं गाड्या विकणं कधीच थांबवलं, तिथून आता जीप बाहेर पडतात. तरी दार लावताना येणारा तो जाड 'धप्प' आवाज आणि खड्ड्यातून जाताना न हलणारी गाडी सोडवत नाही. ज्यांना सोडवते त्यांनी बिनधास्त नवी घ्यावी, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

जाऊन-येऊन साधारण ऐंशी किलोमीटर होतात. एके काळी तेराची असलेली गाडी लिटरला साडेनऊ किलोमीटरवर आली होती. पुण्यात तेव्हा पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, म्हणजे दिवसाला पावणेनऊशे रुपये फक्त कामावर जायचे. एवढ्यात माणूस हॉटेलात राहील.

आधी मोजमाप नीट केलं. डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो तो गाडी स्वतःच्या कौतुकात सांगते, त्यावर विसंबायचं नाही. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, टाकी फुल आणि पहिल्या ऑटो कटला थांबायचं. पंपावरचा मुलगा सवयीने "सर, राउंड फिगर करू?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत अजून दोन-तीनदा नोझल दाबतो. त्या दोन-तीन दाबांत हिशोबाची वाट लागते. किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे, भागाकार करायचा. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी काढली की चित्र दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ओबीडी डोंगल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं काड्यापेटीएवढं यंत्र, हजाराच्या आत मिळतं, ब्लूटूथने मोबाइलशी बोलतं. जुन्या गाडीवर खर्च करायचा तर पहिला इथं करावा असं माझं स्पष्ट मत आहे. गॅरेजमध्ये "प्लग बदलू, इंजेक्टर साफ करू, बघू" या पद्धतीने जे पैसे जातात, ते यामुळे वाचतात.

डोंगलवर मी कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान लावून निघालो. वाघोलीत, केसनंद फाट्याच्या गर्दीत गाडी रखडली तेव्हा आकडा ८८-८९. छान. लोणीकंद मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडीने ऐंशीचा वेग धरला आणि आकडा उतरायला लागला. ८०, ७५, कोरेगाव भीमाच्या पुलावर ६९. शिक्रापूरच्या चौकात थांबलो तर पुन्हा वर. खरं तर उलटं व्हायला हवं. गर्दीत इंजिन जरा तापावं आणि मोकळ्या रस्त्यावर नव्वदीच्या आसपास स्थिर राहावं. धावताना थंड पडणारं इंजिन म्हणजे थर्मोस्टॅट, रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघड-बंद करणारा वॉल (व्हॉल्व्ह), उघडा अडकलाय. समोरून वारा मिळाला की रेडिएटर गरजेपेक्षा जास्त गार करतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून पुरतं तापलेलंच नाही, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. गार इंजिनात ऑइलही घट्ट राहतं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर यातलं काही ठळक दिसत नाही, तो आपला निवांत उभा.

गॅरेजवाले काका म्हणाले, "काढूनच टाकू की तो वॉल. आपल्याकडं गरमी, कशाला पाहिजे?" हा सल्ला महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत मिळतो. गाडी तापू नये म्हणून दिलेला असतो, हेतू वाईट नसतो. पण थर्मोस्टॅट काढणं म्हणजे तो कायमचा उघडा अडकवणंच. मी म्हटलं, "काका, नवाच टाका, आणि पाणी नको, कूलंट भरा." शोरूमचं काउंटर आता असून नसल्यासारखं, पण नाना पेठेत फियाटचे पार्ट ठेवणारे अजून आहेत. जुना वॉल हातात घेतला तर त्याची चकती अर्धवट उघडी, कडेला तपकिरी गंज, स्प्रिंग बोटाने दाबली तरी हलेना. चौदा वर्षांच्या गाडीत असले भाग थकणारच, कंपनी कोणतीही असो. नवा बसल्यावर कोरेगावच्या पुलावरचा आकडा ८८ ला चिकटून राहिला.

पुढचं भोक सापडलं हाताने. टी-जेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. घरी पोचल्यावर एकेका चाकाजवळ हात नेला तर मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच गरम, अलॉयच्या मध्याला हात ठेववेना. जॅक लावून चाक हाताने फिरवलं, तर अर्धा फेरा मारून थांबलं. उजवं मात्र तीन-चार फेरे फिरलं. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिना गंजून ब्रेक थोडासा कायम लागलेला होता. म्हणजे मी रोज ऐंशी किलोमीटर ब्रेक दाबून गाडी चालवत होतो आणि दोष टर्बोला जात होता. पिना साफ करून ग्रीस लावलं, रबरं नवी टाकली, पॅड बदलले. ही तपासणी फुकटची आहे. फक्त घरी येताना शेवटी जोराचा ब्रेक मारलेला नसावा, नाहीतर पुढची चाकं गरम लागणारच, आणि डिस्कला मात्र हात लावायचा नाही.

टर्बोचं स्वतःचं काम त्या मानाने किरकोळ निघालं. टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपचा एक क्लॅम्प सैल होता. जोडाभोवती तेलकट ओल आणि पाय दाबला की बारीक 'सूंऽऽ' आवाज, या दोन खुणा. तेवढी हवा बाहेर गेली की तीच ताकद मिळवायला टर्बोला जास्त राबावं लागतं. क्लॅम्प बदलला, विषय संपला. एअर फिल्टर, प्लग, टायरमध्ये सकाळी गार असताना हवा, हे सगळ्यांना माहीत असतं, मी वेगळं काय सांगू?

ऑइलबद्दल मात्र थांबून सांगतो. "गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका" हा आणखी एक लाडका सल्ला. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. सकाळी सुरू केल्याबरोबर तिथं तेल पोचायला हवं. मी ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिकच टाकतो आणि मॅन्युअलमधल्या मुदतीआधी बदलतो. यात चार पैसे जास्त जातात, पण टर्बो नवा घ्यायची वेळ आली तर त्यात कित्येक महिन्यांचं पेट्रोल येईल.

आता ई-ट्वेंटी. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फटका. पण आधीही आपण निव्वळ पेट्रोल भरत नव्हतोच, दहा टक्के इथेनॉल होतंच. त्या मानाने नवा फटका तीन-साडेतीन टक्क्यांचा. तेराच्या गाडीला तो अर्ध्या किलोमीटरच्या आत बसतो. राग यावा इतका आहे, पण तेराची गाडी साडेनऊवर यावी इतका खचितच नाही. डोंगलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती) सात-आठ टक्के प्लस दिसतो, म्हणजे ईसीयू सेन्सरचं ऐकून जास्तीचं पेट्रोल देत मिश्रण सांभाळतोय. मला काळजी आहे ती रबरी पाइप आणि पंपाच्या सीलची. माझी गाडी ई-ट्वेंटीसाठी बनलेली नाही, म्हणून दर सर्व्हिसला पेट्रोलचे होज वाकवून भेगा बघायला लावतो आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवत नाही.

एवढ्यावर गाडी पावणेबाराच्या आसपास आली.

मग पायाची पाळी. टर्बो पेट्रोल इंजिन म्हणजे एका अंगात दोन इंजिनं. हलक्या पायाने चालवा, ते साधं १.४ आहे. पाय रोवलात की बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, चढतो आणि जोर फार झाला की एक्झॉस्ट वितळू नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल ओतून आतलं तापमान खाली ठेवतो. ते पेट्रोल गाडी पुढे ढकलत नाही, फक्त गारवा देतं. तेव्हा बूस्ट गरजेपुरता. पण काही लोक उलट्या टोकाला जातात, चाळीसला पाचवा टाकतात आणि इंजिन घुरघुरत असताना पाय खोल दाबतात. त्यात बूस्ट लागतोच, वर नॉकिंग होतं (मिश्रण वेळेआधीच भडकतं), म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकदही मिळत नाही. त्यापेक्षा एक गिअर खाली आणि पाय हलका.

उसाच्या हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, डोलत डोलत चाललेले, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. तिथं मात्र मी अ‍ॅव्हरेज विसरतो. तिसरा टाकून, पूर्ण पाय देऊन झटक्यात पुढे निघायचं. टर्बो घ्यायचा तो याच दहा सेकंदांसाठी.

आमच्या कंपनीत उतार दिसला की न्यूट्रल मारणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांच्याशी माझं चहाच्या टपरीवर कायम भांडण. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय गाडीवरचा ताबा सुटतो. शिक्रापूरचा चौक लांबून दिसला की मी गिअरमध्येच पाय काढतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे, चौकात आम्ही दोघं शेजारीच उभे असतो.

आता ते सगळ्यात मोठं भोक, वाघोली. एसी लावून उभ्या गाडीला तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दहा-दहा फूट सरकताना त्याहून कितीतरी जास्त. साडेआठला निघालो की खराडी ते लोणीकंद या जराशा अंतरात अख्ख्या प्रवासाइतका जीव जायचा. साहेबांशी बोलून वेळ बदलून घेतली. आता साडेसहाच्या आत निघतो आणि दुपारी लवकर सुटतो. डोंगलवर त्याच तुकड्याचा आकडा बघितला तर सकाळी लवकरचा साडेआठच्या जवळजवळ दुप्पट. नवा थर्मोस्टॅट, ब्रेक, हलका पाय, यांतलं कुठलंही एकटं एवढं देत नाही. सरासरी साडेतेरावर स्थिरावली. अंगारकीला रांजणगावच्या महागणपतीची गर्दी असते, १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला लाखोंनी लोक येतात आणि वाहतूक वळवलेली असते. ते दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून रजा टाकतो किंवा घरून काम मागून घेतो.

वेळ बदलल्याचा आणखी एक फायदा झाला. चंदननगरहून त्याच शिफ्टला येणारा एक सहकारी सापडला, त्याची सीएनजीवाली वॅगनआर. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. पैशाची देवाणघेवाण नाही, त्यामुळे हिशोबाची कटकट नाही. तो माझ्या गाडीत झोपतो, मी त्याच्या गाडीत पाय आखडून बसतो.

काही गोष्टींना मी ठाम नाही म्हटलं. "मायलेज रिमॅप", म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून देतो म्हणणारे भेटले. चौदा वर्षांच्या क्लचवर आणि टर्बोवर जास्त टॉर्क चढवून पेट्रोल वाचवायचं गणित मला पटत नाही. टाकीत ओतायच्या बाटल्यांनाही नाही. सीएनजीचा विचार केला होता, पण टर्बो इंजिनाला नीट ट्यून करून, आरटीओच्या कागदासह किट बसवून देणारा खात्रीचा माणूस मिळाला नाही, आणि लिनियाची ५०० लिटरची डिकी टाकीला द्यायची म्हणजे घरात आधी मंजुरी लागते.

खर्च सगळा मिळून पंधरा हजारांच्या आतबाहेर झाला, त्यात निम्मा ऑइल आणि ब्रेकचा. साडेनऊवरून साडेतेरा म्हणजे माझी गाडी असते त्या दिवशी अडीचशे रुपये वाचतात, आणि नसते त्या दिवशी सगळेच. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. फिटनेस, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. काकांना सांगून ठेवलंय, सायलेन्सरचा जोड आणि हँडब्रेकची केबल तेवढी त्याआधी करून घ्यायची आहे.