तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्ससचे विजय नेमके किती?

"सगळ्यात जास्त विजय कॅन्ससचे की केंटकीचे? एका ठिकाणी एक आकडा दिसतो, दुसरीकडे भलताच. धरायचा कुठला?" अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल नव्याने बघू लागलेले लोक हे हमखास विचारतात. कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या दोन आकड्यांत बरोबर १५ चा फरक असेल, तर बेरीज कुणाचीच चुकलेली नाही. एका यादीत २०१७-१८ च्या मोसमातले रद्द झालेले विजय धरलेत, दुसरीत वगळलेत. अधिकृत हिशोब वगळलेल्याचा.

मार्च २०२२ मध्ये केंटकी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत सेंट पीटर्सकडून हरलं आणि २,३५३ वर अडकलं. कॅन्ससने २५ मार्चला प्रॉव्हिडन्सला हरवून २,३५४ वा विजय मिळवला, पहिला नंबर घेतला आणि पुढे जेतेपदही जिंकलं. अंतिम सामन्यात मध्यंतराला नॉर्थ कॅरोलायना ४०-२५ ने पुढे होतं. शेवट ७२-६९ असा कॅन्ससच्या बाजूने झाला. त्या वेळचे सगळे तक्ते कॅन्ससला वर दाखवतात. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाचा निकाल आला. २०१७-१८ मध्ये अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल १५ विजय रद्द झाले आणि केंटकी पुन्हा वर गेलं. त्या मोसमाचे ३१ विजय कागदावर १६ उरले आणि २०१८ ची फायनल फोरही (स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत जागा मिळवणं) गेली. म्हणून कॅन्ससच्या फायनल फोर कुणी १६ सांगतं, कुणी १५. २०२२ ते २०२३ या काळातला लेख किंवा तक्ता हाती आला, तर आधी त्याची तारीख बघा.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. विजय रद्द झाला म्हणजे तो समोरच्या संघाला मिळाला, असं नाही. विजय 'व्हेकेट' होतो तेव्हा जिंकणाऱ्याच्या खात्यातून जातो, पण हरलेल्याची हार हारच राहते. सामना 'फॉरफिट' ठरला तरच समोरच्याला विजय मिळतो. सातबाऱ्यावरून एकाचं नाव कमी झालं म्हणून शेजाऱ्याची जमीन वाढत नाही, तसंच हे. त्यामुळे सगळ्या संघांचे विजय आणि पराभव यांची बेरीज जुळवायला बसलात, तर ती जुळणार नाही.

कॅन्ससला याची दुसरी बाजूही लागू होते. २००८ च्या अंतिम सामन्यात मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद उरले असताना थ्री-पॉइंटर (दुरून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅन्ससने मेम्फिसला ७५-६८ असं हरवलं. पुढे मेम्फिसचे त्या मोसमातले ३८ विजय रद्द झाले, उपविजेतेपदही पुसलं गेलं. कॅन्ससचं जेतेपद मात्र जसंच्या तसं आहे. म्हणजे अधिकृत नोंदीत त्या सामन्याला विजेता आहे, उपविजेता नाही!

जेतेपदं चार की सहा, हाही नेहमीचा वाद. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. ती कॅन्ससने १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ मध्ये जिंकली, म्हणजे चार. १९२२ आणि १९२३ ही दोन वर्षं हेल्म्स फाउंडेशन या खासगी संस्थेने बऱ्याच वर्षांनी मागे वळून बहाल केलेली. तेव्हा राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. संघ जबरदस्त होते यात शंका नाही, १९२३ ची कामगिरी तर १७-१ अशी आहे. कॅन्ससच्या घरच्या मैदानात, ॲलन फील्डहाउसमध्ये, त्यांचे बॅनर लावण्यात काही वावगं नाही. पण मैदानात जिंकलेल्या चारांत ती दोन मिळवून सहा सांगणं आम्हाला पटत नाही. विचारलं तर 'चार, आणि हेल्म्सची दोन वेगळी' असं सांगावं.

आता कोच. या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ हाच कॅन्ससचा पहिला कोच. १८९९ च्या फेब्रुवारीतला पहिला सामना संघाने कॅन्सस सिटीच्या वायएमसीएविरुद्ध १६-५ असा गमावला. नेस्मिथची एकूण कामगिरी ५५ विजय, ६० पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कॅन्ससचा हा एकमेव कोच. खेळ हा त्याच्या लेखी व्यायाम होता, हे लक्षात घेतलं तर आकडा खटकत नाही. त्याच्यानंतर आलेल्या फॉग ॲलनने दोन टप्प्यांत मिळून कॅन्ससला ५९० विजय मिळवून दिले. केंटकीला मोठं करणारा ॲडॉल्फ रप हा ॲलनच्याच हाताखाली कॅन्ससकडून खेळलेला. तेव्हा केंटकीच्या आघाडीबद्दल कुरकुर करताना कॅन्ससवाल्यांनी जरा जपून बोलावं. पुढे कोच बिल सेल्फने विजयांच्या आकड्यात ॲलनला १२ नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगन स्टेटला हरवून मागे टाकलं. ते १५ विजय रद्द झाले नसते, तर हे आदल्याच मोसमात झालं असतं.

खेळाडूंचे विक्रम वाचताना तर नियमांचं साल शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊच नका. कॅन्ससचा सर्वाधिक गुण करणारा डॅनी मॅनिंग: १४७ सामन्यांत २,९५१ गुण. विल्ट चेंबरलेनच्या नावावर १,४३३. नुसते आकडे पाहिले तर विल्ट निम्म्यावरही नाही. पण विल्ट खेळला फक्त दोन मोसम, ४८ सामने, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे (हा नियम १९७२-७३ पासून गेला) आणि शेवटचं वर्ष न खेळता तो निघून गेला. भागाकार करा: विल्ट सामन्यामागे २९.९, मॅनिंग २०.१. विल्टने ३ डिसेंबर १९५६ ला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध मुख्य संघातल्या पदार्पणातच ५२ गुण आणि ३१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) काढले. एका सामन्यातल्या ५२ गुणांचा विक्रम कॅन्ससमध्ये अजून त्याच्याच नावावर आहे.

थ्री-पॉइंट रेषा सगळीकडे लागू झाली १९८६-८७ मध्ये, १९ फूट ९ इंचांवर. २००८-०९ मध्ये ती एक फूट मागे गेली आणि २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. म्हणून तीन गुणांचे विक्रम ताडताना रेषा कुठे होती ते आधी पाहा. शॉट क्लॉकही (चेंडू हाती आल्यावर शॉट मारायची मुदत मोजणारं घड्याळ) १९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचा आला, नंतर ३५ आणि २०१५-१६ पासून ३० झाला. घड्याळ आखडलं की दोन्ही संघांच्या वाट्याला जास्त चाली येतात, गुण वाढायला वाव मिळतो. १९५७ चा अंतिम सामना तीन जादा डाव होऊनही नॉर्थ कॅरोलायनाने ५४-५३ असा जिंकला. घड्याळाशिवायचा खेळ कसा चाले, ते यावरून कळेल. जुन्या खेळाडूंच्या ब्लॉक (शॉट अडवणं) आणि स्टीलच्या (चेंडू हिसकावणं) रकान्यात रेघ दिसली, तर ती शून्य समजू नका. एनसीएएने पुरुषांच्या खेळात या दोन गोष्टी अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली तीच १९८५-८६ मध्ये.

आणि २०१५ च्या उन्हाळ्यात कॅन्ससचा संघ अमेरिकेच्या नावाने दक्षिण कोरियात ग्वांगजूला जागतिक विद्यापीठ स्पर्धा खेळला, आठही सामने जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. हे आठ विजय एकूण आकड्यात शोधू नका. मोसमाबाहेरचे दौरे आणि प्रदर्शनीय सामने त्यात धरतच नाहीत.