हिरव्या झाकणाची बाटली

दुपारचे साडेतीन. बायको झोपलेली, वरच्या मजल्यावरचं ड्रिल नेमकं थांबलेलं, आणि माझ्यासमोर जुन्या वर्तमानपत्रावर नॅट या लढाऊ विमानाच्या प्लास्टिकच्या मॉडेलचे दोन अर्धे. पोटाचा डावा आणि पोटाचा उजवा. दोन्ही पॉलिश पेपरवर घासलेले, पुसलेले, एकमेकांना टेकवून दहादा पाहिलेले. फट म्हणाल तर नखसुद्धा शिरणार नाही. असा योग वर्षातून एकदा येतो. मी हिरव्या झाकणाची चौकोनी बाटली ओढली, झाकण फिरवलं, झाकणालाच लावलेला ब्रश बाहेर काढला. ब्रश कोरडा. बाटलीत डोकावलो. आत काहीही नाही.

गेल्या वेळी झाकण घट्ट लावलं नव्हतं, दुसरं काय. टामिया या जपानी कंपनीचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकची मॉडेलं जोडायचा गोंद, चाळीस मिलिलिटर, शिझुओकाहून पुण्यापर्यंत सुखरूप आलेलं, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत आमच्या बेडरूमच्या हवेत विरून गेलं. एप्रिलमध्ये बायको म्हणत होती, "हल्ली दुपारी डोकं का जड होतं गं बाई!" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

ज्यांना ही खोड आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फोनवर शोधलं, 'सध्या उपलब्ध नाही'. दुसरीकडे होतं, पण त्या भावात निम्मं विमान येतं. भाचा जपानात असतो. त्याला मेसेज केला, तर त्याचं उत्तर, "मामा, विमानात नेऊ देत नाहीत. ज्वालाग्राही आहे." म्हणजे विमान जोडायचा गोंद विमानात बसू शकत नाही. याच्यावर हसावं की रडावं ते कळेना, म्हणून चपला घातल्या आणि बोहरी आळी गाठली.

बोहरी आळीत न मिळणारी वस्तू जगात नसते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हार्डवेअरच्या दुकानात एक हसतमुख मुलगा होता.

"प्लास्टिकला लावायचंय ना काका? हे घ्या." फेविक्विक.

"हे नको."

"मग अ‍ॅराल्डाइट?"

"दोन ट्यूब कालवत बसायचं, आणि उद्यापर्यंत धरून कोण ठेवणार?"

"पाइपाचं सोल्युशन?"

"फार घट्ट असतं हो. पाण्यासारखं पातळ पाहिजे. ब्रशनं लावता येईल असं."

त्यानं हात टेकले. "पण काका, जोडायचंय काय नक्की?"

"विमान."

जरा शांतता. मागे पत्रे मोजणारा माणूससुद्धा मोजायचा थांबला.

"नातवाचं का?"

"हो," मी म्हणालो. मला नातू नाही. मुलाचं लग्नच अजून व्हायचंय.

आता फेविक्विक नको म्हणजे का नको, हे त्याला सांगत बसलो नाही, पण माझं त्याच्याशी जुनं वाकडं आहे. वस्तू वाईट नाही. पण त्याला दम नाही. लावलं की झालं, पंख वाकडा बसला तर जन्मभर वाकडा. शिवाय ज्या दोन गोष्टी जोडायच्या त्या सोडून बाकी सगळं आधी जोडतं: अंगठा आणि तर्जनी, तर्जनी आणि वर्तमानपत्र. ही त्याची जन्मापासूनची सवय. 1942मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. त्यात हे रसायन सापडलं आणि दिसेल त्याला चिकटतं म्हणून त्यानं ते बाजूला टाकलं. बाजारात यायला पुढे 1958 उजाडलं. मला त्याचा पहिला निर्णय जास्त पटतो.

पण खरा राग वेगळाच आहे. कॉकपिटवरची पारदर्शक काच मी एकदा, एकदाच, फेविक्विकनं बसवली. रात्री झोपलो, सकाळी काचेवर पांढरं धुकं. आणि त्या धुक्यात, काच जिथे चिमटीत धरली होती तिथे, माझ्या अंगठ्याची एकूण एक रेघ उमटलेली. याची वाफ बोटाच्या ओलाव्याला जाऊन धरते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत बंद पेटीत हाच गोंद तापवून चोरांचे ठसे उठवतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

काचेला फेविकॉल. आपला साधा, पांढरा, सुताराचा. टाचणीच्या टोकानं कडेकडेनं लावायचा, चुकला तर ओल्या फडक्यानं पुसायचा, वाळला की दिसतही नाही. बाहेरच्या देशांतले लोक याच कामासाठी वेगळ्या नावाची इवलीशी बाटली विकत घेतात आणि आत हेच असतं, याचं मला उगाच समाधान आहे. फेविकॉल 1959चा. पण तो आमच्या घरी यायच्या आधी खळच होती. आजी कणकेची खळ शिजवायची आणि झुरळांनी वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं खाऊ नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची. "हात धुतल्याशिवाय तोंडाला लावशील तर बघ." निळसर झाक असलेली ती खळ मला अजूनही विषारी खिरीसारखी आठवते.

आजीच्या खळीनं आमचं मखरही वाचवलं होतं. थर्माकोलचं मखर, 2018च्या बंदीच्या कितीतरी आधीचं. दादानं कमान उभी केली आणि 'पक्कं बसू दे' म्हणून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. आमचा सायकलवाला त्याला सुलोचन म्हणायचा, त्यामुळे ते कुणाचं तरी नाव आहे असंच मी बरीच वर्षं समजत होतो. तर सुलोचननं कमान जोडली नाही, खाल्ली. डोळ्यांदेखत खळगा पडत गेला, कड पाघळली आणि गणपतीच्या डोक्यावर येणारं शिखर मान टाकून पडलं. दादा रडकुंडीला. आजीनं एक शब्द न बोलता पातेलं गॅसवर ठेवलं.

आता गंमत बघा. तो थर्माकोल आणि हे नॅटचं राखाडी प्लास्टिक, दोन्ही एकच. पॉलिस्टायरीन. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच भरलेली असते, म्हणून तो मऊ आणि हे टणक, एवढाच फरक. आणि हिरव्या झाकणाच्या बाटलीत चिकट असं काहीच नसतं. बोटाला लावून पाहा, उडून जातं. ते फक्त प्लास्टिक विरघळवतं. फटीवर ब्रश टेकवला की द्रव आपण होऊन आत पळतो, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा. दोन्ही कडा क्षणभर पाघळतात, एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो, आणि राहतं ते नुसतं प्लास्टिक. मध्ये गोंद उरतच नाही. दादाच्या हातून जो अपघात झाला, तोच मी गेली चाळीस वर्षं मुद्दाम, जपून, थेंबाथेंबानं करतो आहे.

दुकानातल्या मुलानं शेवटी डोकं खाजवत विचारलं, "काका, अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करतात ना, त्यांच्याकडे बघा की." आणि मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

कारण 1984 साली मला हेच कुणीतरी सांगितलं होतं. आत्याच्या यजमानांनी मस्कतहून स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मॉडेल आणलं होतं, एअरफिक्स कंपनीचं, एकास बहात्तर. म्हणजे खऱ्याच्या पंखांची अकरा मीटरची रुंदी घरात पंधरा-सोळा सेंटिमीटरवर येते. सोबत गोंदाची बारकी ट्यूब, पण ती सामानातच फुटून सुकली होती. कंपासपेटीशेजारच्या डिंकाच्या बाटलीनं, त्या रबरी टोपीच्या, मी पंख चिकटवले. वाळले, छान दिसले, आणि विमान उचललं तसे खाली राहिले. मग वाड्याच्या तोंडाशी नेमप्लेट बनवणारे एक काका होते, त्यांच्याकडे गेलो. ते निळ्या अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर पांढरी अ‍ॅक्रिलिकची अक्षरं बसवत होते. ब्रश बुडवायचे, अक्षराच्या कडेला टेकवायचे, संपलं. ना पसारा, ना डाग.

"काका, यात काय असतं?"

"क्लोरोफॉर्म."

मी दोन पावलं मागे. क्लोरोफॉर्म आम्हाला ठाऊक होता तो सिनेमातला, व्हिलनच्या रुमालावरचा. त्यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत बोटभर ओतून दिला, रबरी बूच लावलं आणि म्हणाले, "खिडकीत बसून कर. नाक घालू नकोस. आणि आईला सांगू नकोस मी दिलं म्हणून." पैसे घेतले नाहीत. पाटीवर कुणा डॉक्टरांचं नाव अर्धं झालं होतं, 'डॉ.'पर्यंत. मला तो वास, तो टिंब आणि बाहेरचं ऊन अजून एकत्र आठवतं.

मी खिडकीत बसलो. पंख जागेवर धरला, अंगठा नेमका सांध्यावर. ब्रश टेकवला. द्रव फटीतून पळाला, तसाच माझ्या अंगठ्याखालीही पळाला. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शंभरपर्यंत आकडे मोजले आणि अंगठा उचलला, तर पंखावर माझा ठसा. पुसून जाईना, घासून जाईना. प्लास्टिकच तसं झालं होतं.

दुकानातून मी रिकामा निघालो नाही. "असू द्या, लागतंच," म्हणत त्या मुलानं पाच रुपयांची फेविक्विकची ट्यूब हातात ठेवली होती, आणि नातू आहे म्हटल्यावर नाही म्हणता येईना.

घरी आल्यावर माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. स्पिटफायर आहे. पंखा हरवलाय, एक चाक गेलंय, रंग कधी दिलाच नव्हता. पण डाव्या पंखाच्या मुळाशी ठसा आहे. गेल्याच महिन्यात पेन्शनच्या की कसल्याशा कामासाठी एका खिडकीपुढे उभा होतो. यंत्रानं माझा अंगठा चार वेळा नाकारला. आतल्या मुलीनं सांगितलं, "काका, रेषा झिजल्यात तुमच्या. खोबरेल लावून या." इतकी वर्षं पॉलिश पेपर आणि सॉल्व्हंट, झिजणारच. इथे मात्र एकेक वळण शाबूत, मधला भोवरासुद्धा.

मी अंगठा त्याच्यावर टेकवून पाहिला. बसला नाही. तो ठसा केवढासा, माझ्या नखाएवढा.

आतून हाक आली, "चहा ठेवलाय. आणि कसला वास येतोय पुन्हा?"

वास कसलाच येत नव्हता. बाटली रिकामी होती. "कसला नाही गं," म्हणालो, आणि नॅटचे दोन्ही अर्धे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले.