नावाड्याची उधारी

परवा दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून कपाटावरच्या दमट फायली गॅलरीत पसरायला काढल्या, आणि त्यांतून आमच्या शनिवारच्या खेळाची, म्हणजे सोंगे घेऊन खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सची, निळी फाइल हाताला लागली. तिच्यात पाच कॅरेक्टर शीट (प्रत्येकाने घेतलेल्या सोंगाची माहिती लिहायचे कागद) होती. चार कागदांवर चहाच्या कपांची वर्तुळे, खाडाखोड आणि भडंगाच्या तेलाची बोटे उमटलेली होती; पाचवा मात्र स्वच्छ राहिला होता. तो आमच्यातल्या सर्वांत अबोल गड्याचा. सहज उलटून पाहिला, तर मागची बाजू टोकदार पेन्सिलीच्या मुंगीएवढ्या अक्षरांनी भरून गेलेली. ज्या ज्या खाणावळींत आमची टोळी उतरली त्यांची नावे, त्यांच्या मालकांची नावे (ती मी आयत्या वेळी रचतो आणि पुढच्या शनिवारपर्यंत विसरतो), कोणत्या पुलावर किती जकात भरली, कोणत्या म्हातारीने कोणत्या नातवाला शोधून आणायला सांगितले. आणि सर्वांत खाली, खाली रेघ ओढून लिहिलेले : ‘नावाडी – २ तांबे देणे बाकी.’ (तांबे म्हणजे खेळातली तांब्याची नाणी.)

कर्वेनगरच्या आमच्या घरात दर शनिवारी पाच वाजता चाळिशीकडे झुकलेली पाच माणसे जेवणाच्या टेबलाभोवती बसून आपण चेटकीण, चोर किंवा तिरंदाज असल्याचे भासवतात, आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा) या नात्याने मी त्यांना खेळवतो. आईला याची इतकी सवय झाली आहे की चहा ठेवताना ती ‘आज किती मेले?’ एवढेच विचारते. तिच्या मते ही भातुकलीच; फरक इतकाच की भातुकलीत निदान शेवटी चुरमुऱ्यांचा भात तरी मिळत असे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला, तेव्हा पहिल्या खेपेला त्याच्या जेमतेम १००० प्रती निघाल्या होत्या. ही मंडळी मुळात टेबलावर इवलीशी सैन्ये मांडून लढाया खेळणारी. सबंध पलटणीऐवजी एकेकाने एकाच शिपायाचे सोंग घ्यावे, एवढे वळण त्या खेळाला मिळाले आणि त्यातून हे सगळे उभे राहिले. पिंड मात्र लढाईचाच राहिला, आणि त्याचा एक फायदा माझ्या फार उशिरा लक्षात आला. लढाई सुरू झाली की प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यावरून पाळ्या लागायच्या, आणि मग माणूस कितीही बोलघेवडा असला तरी आपली पाळी येईपर्यंत त्याला थांबावेच लागते. लढाई संपून बोलाचाली सुरू झाली की पाळ्या संपल्या. तिथे ज्याचा घसा मोठा त्याचे राज्य.

आमच्यात हिंजवडीत नोकरी करणारा एक जण आहे, त्याला लढाईच हवी असते. नियमाप्रमाणे लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची; पण त्या सहा सेकंदांत आपण कुठे उभे राहावे आणि शत्रूच्या चिलखतावर कोणते हत्यार चालेल याचा कीस पाडण्यात तो इतका वेळ घालवतो की तेवढ्यात आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा होतो. त्याच वेळी, कॉलेजची सारी वर्षे पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत घालवलेली आमची मैत्रीण जांभया देत असते, कारण तिला राक्षसाला मारायचेच नसते. लहानपणी त्याला कोणते दुःख झाले हे तिला विचारायचे असते, आणि राक्षस मीच असल्यामुळे ते दुःखही मलाच तिथल्या तिथे शोधावे लागते. तिची बहीण नकाशा पुरा झाल्याशिवाय कोणाला दार उघडू देत नाही. चौथा नुसता कळलाव्या : दिसला खटका की ओढ, दिसला राजा की काढ त्याची खोडी. या सगळ्यांच्या पानात एकाच वेळी काहीतरी पडले पाहिजे, ही माझी आठवडाभराची चिंता.

माणसांच्या या आवडींची प्रतवारी लावण्याचा मोह इतरांनाही झालेला आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली, संगणकावर नुसत्या शब्दांनी अनेकांनी मिळून खेळायचा एक खेळ तयार झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी रिचर्ड बार्टल याने पुढे १९९६ साली एका लेखात खेळाडूंना चक्क पत्त्यांचे रंग वाटून दिले. गुण आणि खजिना कमावणारे ते चौकटवाले, माणसांत रमणारे बदामवाले, दुसऱ्याला झोडपण्यात सुख मानणारे किलवरवाले, आणि कानाकोपरा खणून काढणारे इस्पिकवाले. (इंग्रजीत इस्पिकचे जे नाव आहे तेच खणायच्या फावड्याचेही आहे.) मेंढीकोट खेळत वाढलेल्या मला ही वाटणी फारच आवडली आणि मी ताबडतोब आमच्या पाच जणांना रंग देऊन टाकले. चौघे झटकन बसले. पाचवा हातात तसाच राहिला. लढाईत पाळी आली की तो ‘बाण मारतो’ एवढे म्हणून फासा टाकी आणि एरवी ऐकत बसे. ऐकत बसणाऱ्याचा रंग काही त्या जोडात मला सापडेना.

इथे माझी एक खोड कबूल केली पाहिजे. वाटण्यांचा हिशेब ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी आंबे कापले तर या खेपेला कोय कोणाकडे गेली, हे मी लक्षात ठेवतो. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी एका वहीत पाच रकाने आखले आणि कोणाच्या वाट्याला किती प्रसंग आले याच्या, दुधाच्या रतिबाच्या मारतात तशा, रेघा मारू लागलो. चार शनिवारांनंतर नाटकवालीच्या रकान्यात ३१ रेघा होत्या आणि त्या अबोल पाचव्याच्या रकान्यात २. मला फार अपराधी वाटले.

मग पंधरा दिवस खपून मी खास त्याच्यासाठी एक प्रसंग रचला. किल्ल्याच्या तळघरात साखळदंडाने जखडलेला एक कैदी, तो त्याचा लहानपणी हरवलेला भाऊ निघणार होता, आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचे नाही अशी तंबी मी आधीच देऊन ठेवली होती. प्रसंग आला. मी आवाज खोल काढून ‘दादा, ओळखलंस का मला?’ असे विचारले. सगळे स्तब्ध झाले. कळलाव्यानेसुद्धा भडंगाचा बोकाणा तोंडात तसाच धरून ठेवला. आमच्या गड्याचे कान लाल झाले. पंगतीत जिलबीचे ताट घेऊन वाढपी समोर आला की पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो, तसा त्याने आपला तळवा हळूच त्या कागदावर ठेवला आणि तो म्हणाला, ‘ओळखलं असं समज ना. पुढे जाऊ या.’ आडवा हात दिसला तरी आग्रह सोडायचा नसतो, अशा घरात मी वाढलेलो. मी आणखी दहा मिनिटे त्या भावाला रडवले. पुढच्या शनिवारी त्याचा निरोप आला की सोसायटीत टँकर यायचा आहे, त्यामुळे जमणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही टँकरच आला.

वास्तविक हे मला कळायला हवे होते, कारण नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मी अनेक वर्षे लिंबूटिंबू होतो. मे महिन्यात सगळी चुलत-आते भावंडे जमत आणि उन्हे उतरली की अंगणात डबा ऐसपैस सुरू होई. मी सर्वांत धाकटा, त्यामुळे माझ्यावर राज्य येत नसे. लिंबूटिंबू असणे कमीपणाचे आहे असे मोठ्यांना वाटते. मला ते परमसुख होते. मी कोणाहीबरोबर कुठेही लपू शकत असे : दादाबरोबर जिन्याखालच्या कोळशाच्या पोत्यांमागे, ताईबरोबर हौदाच्या आडोशाला, आणि एकदा तर माडीवरच्या गाद्यांच्या ढिगात, जिथे मला झोपच लागली. राज्य घेणाऱ्याला कोणाचीच जागा ठाऊक नसे, लपणाऱ्याला फक्त आपली. वाड्यातल्या सगळ्या जागा ठाऊक असलेला मी एकटा होतो. एके संध्याकाळी काकूने कठड्यावरून हे पाहिले आणि ती कळवळून म्हणाली, ‘अरे, त्यालाही राज्य द्या की रे कधीतरी!’ झाले. मला राज्य मिळाले. पोचे पडलेला तो डालड्याचा डबा मी आणून जागेवर ठेवला आणि मान वर केली, तर ताई हौदाआड न जाता अंगणाच्या मधोमध उभी राहून, मी तिला पाहावे म्हणून वाट पाहत होती. मी डब्यावर पाय ठेवून तिचे नाव घेतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पदराशी उभा राहिलो, तो पाने मांडली जाईपर्यंत तिथून हललो नाही.

रॉबिन लॉज नावाच्या कॅनडातल्या खेळरचनाकाराने २००२ साली खेळवणाऱ्यांसाठी लिहिताना खेळाडूंचे जे प्रकार सांगितले, त्यांत एक असा आहे की ज्याला मध्यभागी यायला आवडत नाही, चार मंडळींत बसणे त्याला पुरते, आणि त्याला बळेबळे पुढे ओढू नये. टँकरच्या दुसऱ्या शनिवारी हे माझ्या वाचनात आले आणि मी रेघांची वही रद्दीत टाकली. तिसऱ्या शनिवारी तो आला आणि पूर्ववत बाण मारू लागला. त्याला नुसते बसायला आवडते, तर बसू द्यावे, असे मनाशी ठरवून मी वर्षभर निर्धास्त होतो.

पण परवा तो कागद उजेडात धरून वाचताना मधोमध एक ओळ दिसली : ‘भाऊ सुटला. अंगावर पांघरूण नव्हते. बाजारात घोंगडी घेणे.’ तिच्यापुढे बरोबरची खूण होती. मला तो बाजार आठवला. हिंजवडीवाला तलवारीच्या भावावरून लोहाराशी, म्हणजे माझ्याशी, हुज्जत घालत होता आणि त्या गदारोळात याने ‘एक घोंगडी घेतो’ असे म्हटले होते. घोंगडीला नियमाप्रमाणे चांदीची पाच नाणी पडतात. मी ‘पाच चांदी’ म्हणून पुन्हा हुज्जतीकडे वळलो होतो. कोणासाठी घेतोस, असे विचारायचे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

नावाड्याचे मात्र मला काहीच आठवत नाही. दहा तांब्यांची एक चांदी आणि दहा चांदीचे एक सोने, असा या खेळातला हिशेब आहे, आणि आमच्या टोळीच्या थैलीत आज सोन्याचीच चौदाशेच्या वर नाणी आहेत. तेव्हा कोणापाशी तरी सुटे नसावेत, आणि ‘परत येताना देतो’ असे कोणीतरी म्हटले असावे. उद्या शनिवार आहे. टोळीला तीच नदी पुन्हा ओलांडायची आहे, त्यामुळे नावाडी घाटावर उभा असणार, एवढे नक्की. त्याने पैसे मागावेत की वल्हे हातात धरून नुसते गप्प उभे राहावे, हे मी अजून ठरवलेले नाही.