सगळे पेटवे एका भावकीतले का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अलाबामात आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी विलकॉक्स काउंटीतल्या जीज बेंडला आवर्जून नेते. अलाबामा नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं गाव, नकाशावर नाव बॉयकिन. तिथं भेटेल त्याचं आडनाव पेटवे. मग परतताना गाडीत हमखास प्रश्न येतो: हे सगळे एकाच भावकीतले का?

नाही. पेटवे हे मालकाचं आडनाव.

जोसेफ जी नावाचा माणूस 1816च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनाहून इथं आला आणि गुलामांच्या कष्टावर कापसाचा मळा उभा केला. बेंड, म्हणजे नदीचं वळण, त्याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. पुढं 1845 मध्ये कर्जफेडीपोटी मळा त्याच्या नात्यातल्या मार्क पेटवेकडे गेला. दुसऱ्या वर्षी पेटवेनं आपल्या ताब्यातली शंभरेक माणसं नॉर्थ कॅरोलायनाहून इथवर चालवत आणली. त्यांत कोण कोणाचं काय लागत होतं, हे कोणी लिहून ठेवायच्या फंदात पडलं नाही. 1850 आणि 1860च्या खानेसुमारीत गुलामांच्या यादीला मालकाचं नाव, खाली प्रत्येकाचं वय, लिंग आणि रंग. नावाचा रकानाच नाही.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांचं नाव पाच मिनिटांत सापडलं होतं. इथल्या माणसाला मागं जाता जाता 1870ची खानेसुमारी लागते. तीत त्यांच्या वाडवडिलांची नावं पहिल्यांदा आली. त्याआधीचं शोधायचं तर मालकाची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं चाळावी लागतात, कारण तिथं माणसं मालमत्तेत मोडतात. हे मला आजही सहन होत नाही.

गुलामगिरी संपली तरी बहुतेक जण तिथंच वाट्यानं जमीन कसत राहिले, आडनावही राहिलं. 1932 मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीला माणसं धाडली. साठेक कुटुंबांची गुरं, अवजारं, कोंबड्या, साठवलेला मका, सगळं उचलून नेलं. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या धान्यावर गाव जगलं. पुढं रूझवेल्ट सरकारनं ती जमीन विकत घेतली, घरं बांधली आणि 1940च्या दशकात हप्त्यांवर याच कुटुंबांना दिली. पेटव्यांच्या मळ्यावर पेटवे मालक झाले!

याचं मोल पुढं कळलं. 1965 उजाडलं तेव्हा या काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, पण मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. आसपास मताचा हक्क मागणाऱ्या कुळांना मालक घराबाहेर काढत. बेंडच्या लोकांना कोण काढणार? पण त्यांची नदी ओलांडायची होडी बंद झाली. नदीपलीकडच्या कॅम्डेनला, काउंटीच्या मुख्य गावी, नेणारी फेरी 1962 मध्ये थांबली ती 2006 मध्ये सुरू झाली. तोवर जाण्यासाठी चाळीसेक मैलांचा वळसा.

बेंडच्या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. मी मात्र एकीपाशी थांबवते. 1942 मध्ये मिझूरी पेटवेनं नवरा गेल्यावर त्याचे शेतातले कपडे उसवले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांची गोधडी शिवली. माझ्या आजीनं पणजीच्या लुगड्याची शिवलेली अजून घरी आहे, म्हणून असेल, मला तिथून हलवत नाही. गुडघ्यांवर विरलेलं, उन्हानं फिकटलेलं कापड. त्याच्याबद्दलची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी, एवढंच तिला हवं होतं.