एका नावासाठी दोन अपॉइंटमेंट: ईपर आणि व्हिमीला जाण्याचा माझा अनुभव

कॅनडात राहत असाल, हातात भारतीय पासपोर्ट असेल आणि बेल्जियम-फ्रान्समधली युद्धस्मारकं बघायला जायचं असेल, तर आधी रात्री मोजा. दिवस नाही, रात्री. माझे सात आठवडे या एका हिशेबापायी गेले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला घेतलंय.

आम्ही किचनरला राहतो. १९१६ पर्यंत या गावाचं नाव बर्लिन होतं, ते युद्धामुळेच बदललं. शेजारी एक आजी आहेत, शहाऐंशीच्या. दर ११ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, कोटाला पॉपीचं लाल फूल लावून त्या गावातल्या स्मारकापाशी येतात. गेली सहा वर्षं मीच त्यांना गाडीतून नेते. त्यांच्या आईचा सगळ्यात थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात गेला. ‘मामा व्हिमीला पडला’ एवढंच घरात माहीत. अल्बममध्ये त्याच्या फोटोखाली शाईने तेवढंच लिहिलेलं. थडगं नाही. त्यांच्या घरचं कुणी तिकडे कधी गेलेलं नाही. मी म्हटलं, सप्टेंबरात आम्ही दोघं जातो, तिथल्या स्मारकावर कोरलेल्या मामाच्या नावाचा फोटो काढून आणते. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या.

व्हिमी फ्रान्समध्ये, म्हणून सहा रात्री फ्रान्समधल्या अरास गावात आणि दोन बेल्जियममध्ये ईपरला, असं ठरवलं. विमान ब्रसेल्सचं स्वस्त मिळालं. नवऱ्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे, त्याला काहीच लागत नाही. मी आई-बाबांसाठी भारतीय पासपोर्ट ठेवलाय, त्यामुळे मला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. तीन आठवडे रोज पहाटे उठून कॉम्प्युटरसमोर बसत होते, तेव्हा कुठे टोरोंटोला फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात एक तारीख मिळाली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्या पहिल्याच आठवड्यात तारीख शोधायला लागा, मी ते केलं नाही.

तारीख हातात आल्यावर मी निवांतपणे मामांचं नाव शोधायला बसले. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत (खडकीची वॉर सिमेट्री सांभाळणारंही हेच कमिशन) नाव, पलटण आणि गाव टाकलं. उत्तर आलं: मेनिन गेट, ईपर. म्हणजे व्हिमी नाही, बेल्जियममधली रस्त्यावरची स्मारक-कमान. मला वाटलं दुसराच कुणी असेल. मग ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली त्यांची फाइल उघडली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सहा लाखांहून जास्त फायली तिथे स्कॅन करून ठेवल्यात, घरबसल्या फुकट बघता येतात. मामा व्हिमीच्या लढाईत होते हे खरं, पण तिथून ते धडधाकट बाहेर पडले. गेले ते सहा महिन्यांनी, बेल्जियममध्ये पाशेंडेलच्या लढाईत, तिथल्या चिखलात. आणि स्मारकांचा नियम असा: फ्रान्समध्ये मेलेल्या, थडगं नसलेल्या कॅनडियन सैनिकांची नावं व्हिमीला आणि बेल्जियममध्ये मेलेल्यांची मेनिन गेटवर. घरच्यांनी सांगितलेल्या जागेवर विसंबून तिकिटं काढू नका.

आता दोन रात्रीत ईपर कसं उरकणार? मी अरासच्या दोन रात्री काढून ईपरला जोडल्या. चार इकडे, चार तिकडे. हॉटेलवाल्यांनी विनातक्रार बदलून दिलं. माझी चूक झाली ती इथे.

केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले. विम्याचा कागद (किमान ३०,००० युरोचा लागतो), पीआर कार्ड (कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीचं), बँकेची स्टेटमेंट, सगळं जागच्या जागी. हॉटेलच्या बुकिंगवर मात्र पेनाचं टोक ठेवून त्यांनी रात्री मोजल्या. परत मोजल्या. म्हणाल्या, जिथे जास्त राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दोन्हीकडे सारख्या रात्री असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुम्ही ब्रसेल्सला उतरताय, तुमचा अर्ज इथे चालणार नाही. मी म्हटलं, आत्ता फोनवरून एक रात्र बदलते, पाच मिनिटं द्या. तर म्हणे, नवीन कागद, नवीन अपॉइंटमेंट. नियम त्यांचा बरोबर होता, मला मान्य आहे. पण अपॉइंटमेंट घेताना हा एक प्रश्न विचारला असता तर माझे ते तीन आठवडे वाया गेले नसते.

आणि मग त्यांनी अर्जासोबतचं, का जातेय ते सांगणारं माझं पत्र वाचलं. ‘हा सैनिक तुमचा कोण?’

‘शेजारच्या आजींचा मामा.’

‘म्हणजे तुमचा कुणीच नाही.’

मला जे लागलं ते हे. टोरोंटो ते किचनर शंभर किलोमीटर गाडी चालवत घरी आले आणि वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून रडले.

रात्री बाबांचा खडकीहून फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अगं, तिकडेच नव्ह शापेल आहे. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स १९१४ साली तिथे लढलेत. रडतेस काय, जा की. आणि त्यांनाही भेटून ये.’ (सॅपर्स म्हणजे लष्करातले इंजिनिअर.)

दुसऱ्या दिवशी ईपरची आणखी एक रात्र वाढवली, पाच-तीन केलं, म्हणजे वाद नको. परत पहाटे उठणं सुरू. बेल्जियमच्या केंद्राची तारीख मिळायला आणखी चार आठवडे लागले. या वेळी पत्रासोबत मामांच्या नोंदीची प्रत, आजींनी सही केलेली दोन ओळींची चिठ्ठी आणि रोज कुठे झोपणार याचा तारीखवार तक्ता जोडला. तो तक्ता जरूर करा, काउंटरवर तोच पहिल्यांदा बघितला गेला. अर्ज घेतला. पासपोर्ट परत आला तेव्हा विमानाला चार दिवस उरले होते. कुरिअरवाल्याला मी दारातच चहा विचारला.

बाकी प्रवास सुरळीत झाला. ब्रसेल्सला गाडी भाड्याने घेतली. ईपरहून व्हिमी तासाभरावर आहे. वाटेत सीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही, आम्हाला कुणी अडवलं नाही.

मेनिन गेटवर ५४,००० हून जास्त नावं आहेत, त्यात चारशेहून जास्त भारतीय. नावं पलटणीनुसार, मग हुद्द्यानुसार लावलीत, त्यामुळे कमिशनच्या नोंदीतला पॅनेल नंबर लिहून न्या. मला तासभर लागला, कारण नाव माझ्या उंचीच्या दुप्पट वर होतं. झूमवाला कॅमेरा किंवा दुर्बीण हवीच. आडनाव आणि एक आद्याक्षर, एवढंच कोरलंय. रात्री आठला रस्ता बंद करतात आणि बिगुलवाले ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकांना निरोपाची धून वाजवतात. १९२८ पासून रोज, फक्त दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव असताना खंड पडला. टाळ्या वाजवायच्या नसतात. पहिल्या रात्री मी खांबाला टेकून उभी होते आणि ते आद्याक्षर दिसतंय का बघत राहिले. पाचही रात्री गेले.

जवळच टाइन कॉट ही सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे बारा हजारांच्या आसपास थडगी, त्यातली आठ हजारांहून जास्त निनावी. निनावी कॅनडियनांच्या दगडावर मेपलचं पान असतं. त्यातला एखादा मामा असू शकतो. मी प्रत्येक पानापाशी थांबत गेले, नवरा घाई न करता मागे येत राहिला.

व्हिमीला जाऊन आलोच. ९ ते १२ एप्रिल १९१७ या चार दिवसांत तिथे ३,५९८ कॅनडियन मेले. दोन उंच पांढरे खांब, खालच्या भिंतींवर ११,२८५ नावं, इथे मात्र अकारविल्हे. नावांच्या ओळी दगडांचे सांधे ओलांडून सलग जातात, एखादं अक्षर बरोबर सांध्यावर येतं. भोवतीच्या कुंपणाआड मेंढ्या चरतात, कारण जमिनीत अजून न फुटलेले गोळे आहेत. कॅनडाची कॉलेजची मुलंमुली युद्धातलं भुयार दाखवतात. जाताना स्वेटर ठेवा, आत गारठा असतो.

नव्ह शापेलचं भारतीय सैनिकांचं स्मारक तिथून तीसेक किलोमीटर. गोल भिंत, मधे उंच स्तंभ, दोन बाजूंना दोन दगडी वाघ. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. ४,७०० हून जास्त भारतीय नावं आहेत. सॅपर्सचा भाग सापडल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ‘सावकाश फिरव गं,’ म्हणाले, आणि एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. मी हात दुखेपर्यंत फोन धरून उभी राहिले.

परत आल्यावर आजींना फोटो मोठा छापून दिला. फाइलमधली नोंदही वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती स्वतः पुन्हा वाचली, अल्बम मागवला, फोटोखालचं ‘व्हिमी’ बॉलपेनने एका रेघेत खोडलं आणि शेजारी लिहिलं: पाशेंडेल, १९१७.