पदवी खरी आहे, हे सांगायचे कोणी?

परदेशात जाऊन वैद्यकीय व्यवसाय करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. त्यांची बहुतेक सगळी तयारी परीक्षेभोवती फिरत असते. कोणती पुस्तके वाचायची, प्रश्नसंच कोणते सोडवायचे, निकाल केव्हा लागतो, याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते; परंतु आपण खरोखरच डॉक्टर आहोत हे परक्या देशातील वैद्यक परिषदेला पटेल अशा रीतीने सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच उभा राहतो. परीक्षेचा अभ्यास आपल्या हातात असतो. पात्रता सिद्ध करण्याचे काम मात्र पुष्कळसे इतरांच्या हातात असते, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी सुरू करायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

यातील मूळ मुद्दा असा की आपल्या कपाटात जपून ठेवलेले पदवी प्रमाणपत्र, ते कितीही अस्सल असले तरी, आज बहुतेक परिषदा पुरावा म्हणून स्वीकारत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो अर्जदाराने केलेला दावा असतो. तो दावा खरा आहे की नाही हे पदवी देणाऱ्या संस्थेने स्वतः सांगायचे असते, आणि तिचे उत्तर अर्जदाराच्या हातून न जाता थेट पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे जायचे असते. मूळ स्रोताकडून पडताळणी म्हणतात ती हीच. अमेरिकेत परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासण्यासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेली ईसीएफएमजी ही संस्था हे काम करते. तिच्याच ‘एपिक’ या सेवेमार्फत ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिल याही परदेशी पदव्यांची पडताळणी करून घेतात. आखाती देशांतील आरोग्य प्राधिकरणांसाठी असेच काम प्रामुख्याने डेटाफ्लो ही कंपनी करते. याच्याही आधीची पायरी म्हणजे आपले महाविद्यालय ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’ या जागतिक सूचीत आहे का, आणि आपण ज्या वर्षी पदवी घेतली त्या वर्षाच्या पदवीधरांना तेथील नोंद लागू होते का, हे पाहणे. हे पाहायला फारसा वेळ लागत नाही, आणि पैसे भरण्यापूर्वी ते प्रत्येकाने पाहावे.

नोटरी आणि अपोस्टिल यांविषयीचा गैरसमज इथेच दूर करायला हवा. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार दिला जाणारा अपोस्टिलचा शिक्का एवढेच सांगतो की कागदावरील सही ज्या अधिकाऱ्याची म्हटली आहे त्याचीच आहे, ती करण्याचा अधिकार त्याला होता आणि मोहोर खरी आहे. कागदातील मजकूर खरा आहे, अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे किंवा पदवीला मान्यता आहे, यांपैकी कशाचीही हमी तो शिक्का देत नाही. काही देशांत तो अर्जासोबत लागतो आणि तेथे तो घ्यावाच; परंतु अपोस्टिल झाले म्हणजे पडताळणी झाली असे समजून निर्धास्त राहिलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी, असे तरुण डॉक्टर वैतागून विचारतात. उत्तरादाखल मी त्यांना झोलिया अलेमी हिच्या खटल्याची माहिती वाचायला सांगतो. या महिलेने न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी असल्याची बनावट कागदपत्रे दाखवून १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवली आणि पुढे जवळपास दोन दशके मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले. प्रत्यक्षात तिने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेलेच नव्हते. राष्ट्रकुल देशांतील पदवीधरांना त्या काळी ब्रिटनची पात्रता परीक्षा न देता नोंदणी मिळण्याची एक वाट होती, ती २००३ मध्ये बंद झाली. तिचा फायदा तिला मिळाला. हा प्रकार २०१८ मध्ये उघडकीस आला तेव्हा कौन्सिलला त्याच मार्गाने आलेल्या सुमारे ३,००० डॉक्टरांची कागदपत्रे नव्याने तपासायला घ्यावी लागली, आणि २०२३ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयाने अलेमीला सात वर्षांची शिक्षा सुनावली. विद्यापीठाला थेट विचारले असते तर हे सारे पहिल्याच पत्रोत्तरात थांबले असते. ज्या रुग्णांना तिने तपासले, ज्यांना औषधे लिहून दिली, त्यांचा विचार मनात आला की पडताळणीतील कोणतीही पायरी मला अनावश्यक वाटत नाही.

तरीही या व्यवस्थेत प्रामाणिक डॉक्टर अडकतो, तो कुठे अडकतो हे जवळून पाहिले पाहिजे. माझ्या एका सहकारी डॉक्टरच्या अर्जाच्या पानावर, संस्थेच्या उत्तराची प्रतीक्षा आहे, एवढीच ओळ दिसत असे आणि ती काही केल्या बदलत नव्हती. तिने महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की पडताळणीची विनंती केव्हाच येऊन पोहोचली होती. परंतु ती परीक्षा विभागाऐवजी विद्यार्थी विभागाच्या ईमेलवर आली होती आणि अनोळखी परदेशी संस्थेचा मेल म्हणून तेथील लिपिकाने तो उघडलाच नव्हता. मग जुन्या नोंदवह्या काढून तिचा बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि पदवीदानाची तारीख जुळवण्यात आली, अर्जावर सही-शिक्का झाला आणि उत्तर रवाना झाले. ते परत आले. कारण असे की पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे प्रत्येक महाविद्यालयातील अधिकृत अधिकाऱ्यांची नावे आणि सह्यांचे नमुने असतात, आणि ज्या नव्या अधिष्ठात्यांनी सही केली होती त्यांचे नाव त्या यादीत कोणी कळवलेलेच नव्हते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. पण नोकरीचा प्रस्ताव हातात असलेल्या माणसाला या विलंबाची झळ किती बसते, हे ती यादी अद्ययावत न करणाऱ्या कार्यालयाला ठाऊकही नसते.

म्हणून देश सोडण्यापूर्वी, शक्य असेल तर इंटर्नशिप चालू असतानाच, महाविद्यालयात आणि विद्यापीठात स्वतः जाऊन हे काम नेमके कोणत्या टेबलावर होते ते विचारून घ्यावे. ऑनलाइन पडताळणीची सोय संस्थेने सुरू केली आहे का, सही कोण करतो, त्याचे नाव परदेशी संस्थेकडे नोंदलेले आहे का, हे प्रश्न समोर उभे राहून विचारले की त्यांची उत्तरे मिळतात. दूरवरून केलेल्या ईमेलला ती मिळतीलच असे नाही. सर्व वर्षांची गुणपत्रके, एकत्रित ट्रान्सक्रिप्ट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र यांच्या रंगीत, चारही कडा दिसतील अशा प्रती तेव्हाच करून ठेवाव्यात.

नावाचा प्रश्न किरकोळ वाटतो, तो तसा नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव आणि गुणपत्रकावर एखादे अक्षर कमी, अशी स्थिती असली तर तपासणाऱ्यापुढे कागदोपत्री चार वेगवेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात. पासपोर्टवरील नाव हाच आधार मानून बाकीच्या कागदांतील फरकांसाठी विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल किंवा संबंधित परिषद मागेल तसे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचे गणित याच्या अगदी उलट आहे. या डॉक्टरविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही आणि त्याचा व्यवसायाचा अधिकार अबाधित आहे, असे जिथे नोंदणी होती त्या परिषदेने सांगायचे असते. ब्रिटनच्या कौन्सिलला ते गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे काम केले त्या प्रत्येक ठिकाणचे लागते आणि दिल्या तारखेपासून तीनच महिने चालते. त्यामुळे बाकी सर्व कागद लवकर आणि हा कागद शेवटी, असा क्रम ठेवावा लागतो. दोन-तीन देशांत काम केलेल्यांनी तर सर्व प्रमाणपत्रे एकाच कालावधीत ग्राह्य राहतील अशा बेताने अर्ज करावेत.

पदवी खरी ठरली तरी ती समकक्ष आहे का, हा वेगळा प्रश्न उरतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मूलभूत वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचे आणि ५,५०० तासांचे असावे लागते. संघाबाहेरील पदवीबाबत जर्मनीत संबंधित राज्याचे प्राधिकरण अभ्यासक्रमाची विषयवार तुलना करते; त्यात लक्षणीय तफावत आढळली आणि ती कामाच्या अनुभवानेही भरून निघत नसेल, तर ज्ञानचाचणी द्यावी लागते. या तुलनेसाठी आपण शिकलो त्या वर्षांचा, विषयवार तास दाखवणारा, संस्थेने साक्षांकित केलेला अभ्यासक्रम हवा असतो. सध्याचा अभ्यासक्रम जोडून भागत नाही, आणि जुना अभ्यासक्रम अनेक संस्थांकडे सहज सापडतही नाही. अनुभव प्रमाणपत्रांचेही तेच. ‘अमुक काळ समाधानकारक काम केले’ एवढ्या एका वाक्याचे पत्र उपयोगाचे नसते. विभाग, पद, तारखा, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि कोणत्या स्वरूपाची जबाबदारी, हे सारे त्यात लिहिलेले असावे. ब्रिटनमध्ये पूर्ण नोंदणीसाठी इंटर्नशिप सलग बारा महिन्यांची आणि त्यात मेडिसिन व सर्जरीचे किमान तीन-तीन महिने असावे लागतात; प्रमाणपत्रात विभागवार तारखाच नसतील तर ते सिद्ध कसे होणार?

या सर्व प्रक्रियेत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र ज्यांची संस्थाच उत्तर देऊ शकत नाही अशा डॉक्टरांचा आहे. युद्धात विद्यापीठाची इमारत उद्ध्वस्त झालेली असते, दप्तर जळालेले असते, किंवा ज्या राजवटीपासून जीव वाचवून माणूस पळाला तिच्याच अधिकाऱ्याची सही त्याला मागितली जाते. उच्च शिक्षणाच्या मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन कराराच्या सातव्या कलमात निर्वासितांसाठी तरतूद आहे: कागदोपत्री पुरावा देता येत नसला तरी त्यांच्या पात्रतेचे न्याय्य आणि जलद मूल्यमापन करण्याची व्यवस्था सदस्य देशांनी उभारावी. त्या धर्तीवर ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या युरोपीय देशांच्या संघटनेने मुलाखत आणि उपलब्ध कागद यांच्या आधारे दिला जाणारा निर्वासितांसाठीचा पात्रता पासपोर्टही सुरू केला. मात्र त्याने डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना मिळत नाही. तो निर्णय प्रत्येक देशाच्या वैद्यकीय प्राधिकरणाकडेच राहतो.

अशा डॉक्टरांसाठी अटी सैल कराव्यात असे मी म्हणणार नाही. त्याच वर्गात शिकलेल्या आणि आता इतरत्र नोंदणीकृत असलेल्या डॉक्टरांच्या शपथपूर्वक साक्षी, विषयाचे सखोल ज्ञान तपासणारी परीक्षा आणि काही काळ ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवा, या तिन्हींतून खात्री करून घेता येते, आणि ती एका शिक्क्याने होणाऱ्या खात्रीपेक्षा कमी प्रतीची आहे असे मला वाटत नाही. प्रत्येक परिषदेने हा पर्यायी मार्ग नियमांत लिहून ठेवावा, त्याची मुदत जाहीर करावी आणि नकार दिल्यास त्याची कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत.